कर्ज माझं, चौकशी मिस्टरांची

पीएमईजीपीचं (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) कर्ज काढून शिलाई युनिट टाकलं, त्याला आता युनिफॉर्मचा दुसरा सिझन लागेल. ओळखीतल्या बायका भेटल्या की हमखास विचारतात, सबसिडी खरंच मिळते का गं? मिळते. पण एवढं सांगून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न असतो की मग त्रास कशाचा झाला, आणि तो उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. सुरुवात कर्जापासून न करता नोकरीपासून करते, कारण बँकेत जिथे जिथे अडलं त्या प्रत्येक ठिकाणी मागे वळून बघितलं तर माझा जुना पगारच दिसायचा.

सोलापूर म्हणलं की लोकांना चादर आठवते, पण इथं शाळेच्या युनिफॉर्मचं काम प्रचंड चालतं, बाहेरच्या राज्यांत माल जातो. मी अशाच एका गारमेंट कंपनीत (नाव घेत नाही) प्रॉडक्शन बघायचे. लाइन लावणं, सॅम्पल पास करून घेणं, लॉट वेळेत काढणं, टेलर बायका आल्या नाहीत तर कुठून कोणाला बोलवायचं, सगळं. माझ्या हाताखाली एक मुलगा शिकला, चांगला मुलगा आहे, अजून बोलतो. त्याला घराचं लोन काढायचं होतं आणि ऑनलाइन फॉर्म भरायला तो माझ्या टेबलावर येऊन बसला, मी त्याची सॅलरी स्लिप बघून आकडे टाकत होते. एकतीस हजार. मला तेव्हा बावीस हजार पाचशे होते. मी फॉर्म पूर्ण भरून दिला, त्याचा काय दोष.

मग एचआरला विचारलं. उत्तर असं आलं की तो असिस्टंट मॅनेजर आहे आणि तुम्ही सीनियर एक्झिक्युटिव्ह, डेझिग्नेशन वेगळं आहे. काम तेच, लाइन तीच, उलट त्याची लाइन अडकली की तो मलाच हाक मारणार, पण दारावरच्या पाटीवर वेगळं लिहिलं की पगार वेगळा देता येतो. १९७६चा समान वेतनाचा कायदा (आता तो नव्या वेतन संहितेत गेलाय) म्हणतो की समान किंवा त्याच स्वरूपाच्या कामाला बाई-पुरुष भेद न करता सारखा पगार, म्हणजे कायदा काम बघा म्हणतो आणि कंपनी पाटी दाखवते. दुसरं कारण सांगितलं नाइट शिफ्टचं, तुम्ही रात्री थांबत नाही ना मॅडम. गंमत म्हणजे मला थांब कोणी म्हणलंच नव्हतं, कारण कारखाना कायद्यातच बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला बंदी होती, सवलत हवी तर अटी पाळा, गाड्या द्या, सुरक्षा द्या, आणि तो खर्च कोण करणार! आधी रात्रपाळी द्यायची नाही आणि मग केली नाही म्हणून पगार कापायचा. तिसरं कारण मॅनेजरांनी चहा पिता पिता सांगितलं, त्याच्यावर घर आहे, तुमच्याकडे मिस्टरांचं आहेच की. हे तिसरं खरं कारण होतं असं माझं मत आहे, पहिली दोन कागदासाठी.

पाळणाघराचंही सांगून टाकते. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर हवं, हे २०१७ला मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली त्याच दुरुस्तीत आलं. आमच्याकडे पाळणाघर होतं, म्हणजे दारावर पाटी होती, भिंतीवर फुगे काढलेले होते आणि आत कापडाचे थान रचलेले होते. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी थान निघायचे. बाळंतपणानंतर किती बायका परत आल्याच नाहीत आणि आल्या त्या ट्रिमिंगच्या टेबलावर धागे कापायला बसल्या, त्या बायकांचं "अनुभव नाही" असं पुढे कोणीतरी म्हणणारच.

तर नोकरी सोडली. भांडून नाही, नोटीस पिरियड भरून. शाळांची, व्यापाऱ्यांची ओळख होती, काम येत होतं, स्वतःचंच युनिट टाकायचं ठरवलं. सहा जुकी (साध्या शिलाईची मशीन), दोन ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी), एक काज मशीन, एक बटण मशीन, कटिंग टेबल, कटर, प्रेस, थोडं खेळतं भांडवल, असं करत प्रोजेक्ट आठ लाखांचा झाला.

पीएमईजीपी ही केंद्राची योजना, २००८पासून आहे, खादी ग्रामोद्योग आयोग चालवतो आणि अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फतही करता येतो, मी तिथूनच केला. यात बाई असणं ही स्वतःच विशेष गटात बसण्याची पात्रता आहे, जातीचा दाखला लागत नाही. खुल्या गटातल्या पुरुषाने शहरात हाच प्रोजेक्ट टाकला तर १५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे १० टक्के घालायचे, बाईला २५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५. ग्रामीण भागात बाईला ३५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे माझ्या आठ लाखांवर दोन लाख सबसिडी आणि माझ्या खिशातले चाळीस हजार. ऐकायला सोपं. चाळीस हजार पीएफमधून काढायचे ठरले. आणि पीएफ काढायला गेले तेव्हा पहिली गाठ बसली, ती नावाची.

दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव. पॅनवर माहेरचं. पीएफ खात्यावर माहेरचं, कारण नोकरी लग्नाआधीची. आधारवर सासरचं, कारण लग्नानंतर रेशनकार्डात नाव घालताना सगळ्यांनी आधी आधार बदलून घे म्हणून घाई केली. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते हां, कोणी पैसे मागितले तर देऊ नका) आधारवर चालते आणि पॅनशी जुळवते, तिथे अडलं. पीएफला अडलं. विवाह नोंदणीचा दाखला, अ‍ॅफिडेव्हिट, राजपत्रात नाव बदल, मग पॅन दुरुस्ती, मग पीएफचं नाव, एकाचं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. यात महिने गेले, आणि माझ्या नवऱ्याने हे सगळं आयुष्यात एकदाही केलेलं नाही, त्याला हे मुळात असतं हेच माहीत नव्हतं. बायकांना सबसिडी जास्त मिळते म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी एकदा स्वतःचं नाव चार ऑफिसांत बदलून दाखवावं.

शेवटी पीएफ निघाला, पण तो निघणार किती, बेसिकवर १२ टक्के. बेसिक कमी तर पीएफ कमी. माझ्यासोबतच्या त्या मुलाचा तेवढ्याच वर्षांचा पीएफ काढला असता तर त्यात खेळतं भांडवलही भागलं असतं, मला मार्जिन, म्हणजे माझा पाच टक्के हिस्सा, भरून थोडेसेच उरले.

जागा बघायला लागलो. एमआयडीसीतला गाळा परवडत नव्हता, शेडमालक ओळखीचे, स्वभावाने चांगले, भाडं पण रास्त. फक्त म्हणाले, वहिनी, करार साहेबांच्या नावाने करू, बाईमाणसाला कशाला त्या भानगडीत. मी म्हणलं काका, युनिट माझ्या नावावर आहे, करार ह्यांच्या नावावर असेल तर बँक म्हणणार यांचा संबंध काय. ते बराच वेळ माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत होते. करार माझ्या नावाने झाला पण साक्षीदार म्हणून ह्यांची सही घेतलीच, त्याशिवाय त्यांना झोप लागली नसती बहुतेक.

आता बँक. उद्योग केंद्राकडून अर्ज ऑनलाइन बँकेत गेला आणि मला बोलावणं आलं. लोन ऑफिसर तरुण होते, वागायला नीट, अपमान वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? सांगितलं. पगार किती? सांगितला. घर कोणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. तुमच्या नावावर काही? काही नाही. सिबिल काढला तर स्कोअरच नाही, मायनस एक, म्हणजे हिस्टरीच नाही, कारण आजपर्यंत माझ्या नावाने कधी कर्ज घेतलं नाही, क्रेडिट कार्ड नाही. घरातला फ्रिज, गाडी, सगळ्याचे हप्ते ह्यांच्या खात्यातून, आणि माझा पगार किराणा, शाळेची फी, सासूबाईंची औषधं यात. खर्च दोघांनी केला पण पत एकट्याची वाढली. हे मी त्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, मॅडम बरोबर आहे तुमचं पण सिस्टिमला हे कुठे टाकू.

घर सासऱ्यांच्या नावावर आणि माहेरच्या जमिनीचं विचाराल तर आपल्याकडे हक्कसोड हा काय प्रकार आहे सगळ्यांनाच माहीत आहे. महाराष्ट्राने १९९४ला आणि देशाने २००५ला मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, आणि तरी भाऊबीजेच्या आसपास तलाठ्याकडे बहिणींच्या सह्या सुरूच आहेत. सही नाही केली तर माहेर तुटतं आणि केली तर बँकेत "तुमच्या नावावर काही?" ला उत्तर नाही.

मग ऑफिसर म्हणाले, मॅडम तुम्ही मुद्राचं शिशू घ्या ना, लगेच करून देतो. मुद्रा ही केंद्राची छोट्या धंद्यांसाठी कर्जाची योजना, त्यातलं शिशू म्हणजे पन्नास हजारांपर्यंत. आठ लाखांच्या प्रोजेक्टला पन्नास हजार! एक जुकी आणि टेबल-स्टूल. मुद्राच्या खातेदारांत जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत असं सरकार अभिमानाने सांगतं आणि ते खरं आहे, पण त्यातल्या किती जणी अशाच "लगेच करून देतो" वाल्या शिशूत बसवल्या असतील असा माझ्या मनात प्रश्न येतो. बाईला पापड-शिलाईला पुरेल एवढं द्यायचं, युनिटला पुरेल एवढं नाही.

मी नको म्हणलं. दहा लाखांपर्यंत सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा तेव्हा नियम होता, प्रिंट काढून नेला होता. ऑफिसर हसले, आम्हालाही माहितीय मॅडम. माहिती होतं तर तारण विचारलं का, हे मी विचारलं नाही. काम करून घ्यायचं होतं. त्यापेक्षा क्रेडिट गॅरंटी योजनेतून करा असं म्हणलं, त्यात कर्ज बुडालं तर बँकेचा बराचसा भाग ट्रस्ट भरून देतो आणि महिला उद्योजकांना त्यात सवलतही आहे. ते म्हणाले बघतो, साइट व्हिजिट करू.

साइट व्हिजिटला खरी गोष्ट कळली. ऑफिसर आले, सोबत आणखी एक जण, आणि प्रश्न सगळे ह्यांना. मशीन कुठून घेणार, दिवसाला पीस किती, ऑर्डर कोणाची. आमचे हे दोन-तीन वेळा माझ्याकडे बघून शेवटी म्हणाले, साहेब मला विचारू नका, मला जुकी आणि ओव्हरलॉकमधला फरक पण कळत नाही. त्यावर ते साहेब थोडे मोकळे झाले आणि सांगितलं, मॅडम राग मानू नका, बायकोच्या नावाने अर्ज करतात, सबसिडी दहा टक्के जास्त मिळते, आणि धंदा वेगळाच कोणीतरी करतो, आम्हाला बघावं लागतं.

हे खोटं नाहीय. माझ्या ओळखीतल्या एकीच्या नावावर तिच्या नवऱ्याने वेल्डिंगच्या दुकानाला कर्ज काढलं, ती त्या दुकानात फक्त पूजेच्या दिवशी गेली. आता तिला स्वतःचा मसाल्याचा धंदा करायचाय तर या योजनेत नवरा-बायको मिळून एकालाच लाभ, तिचा कोटा संपला. हप्ता थकला तर सिबिलही तिचाच जाणार. म्हणजे बाईसाठी ठेवलेली मदत पुरुषाने घ्यायची आणि त्याचा संशय पुढच्या खऱ्या बाईवर. त्या दिवशी मग मीच बोलत सुटले, शर्टिंगला अकरा नंबरची सुई, पँटच्या जाड कापडाला सोळा, इंचाला टाके किती, एका हाफपँटला कापड किती लागतं आणि साइजप्रमाणे ले (कापायला एकावर एक अंथरलेले कापडाचे थर) लावला तर किती वाचतं, पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवीच्या साइज कशा बदलतात. साहेबांनी बराच वेळ ऐकून घेतलं, नंतर फक्त "ठीक आहे मॅडम" म्हणाले. पुरुष उद्योजकाची अशी तोंडी परीक्षा होते का? मी विचारून बघितलं चार-पाच जणांना, त्यांना एकच विचारलेलं, तारण काय देता.

मंजुरी आली. ऑनलाइन ईडीपी, म्हणजे उद्योजकतेचं ट्रेनिंग झालं. ट्रेनिंग तसं कंटाळवाणं, पण त्या निमित्ताने एका बाईंनी म्हसवडच्या माणदेशी बँकेची गोष्ट सांगितली, ती इथंच साताऱ्यात असून मला नीट माहीत नव्हती. चेतना सिन्हांनी बायकांची बँक काढायची म्हणून अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नाकारला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. मग त्याच बायका पुढे होऊन म्हणाल्या, कागदाशिवाय व्याज काढायला सांगा, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटर घेऊन बसू देत, बघू कोण आधी सांगतं. १९९७ला बँक सुरू झाली. मला ही गोष्ट आवडली आणि थोडा रागही आला, म्हणजे तेव्हाही तोंडी परीक्षाच.

सबसिडीबद्दल एक गैरसमज सगळ्यांचा असतो तो सांगते, दोन लाख हातात येत नाहीत. बँक तुम्हाला ९५ टक्के कर्ज देते, सबसिडी बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेवीसारखी अडकून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट खरंच चालू आहे का ते बघून कर्जात वळती करतात. तोपर्यंत हप्ता तुम्हीच भरायचा. त्यामुळे "सबसिडी आली की मशीन घेऊ" असा हिशोब करू नका. एजंट भेटतील, प्रोजेक्ट रिपोर्टसकट सगळं करून देतो, टक्केवारी द्या म्हणणारे. उद्योग केंद्रात माहिती फुकट मिळते, थोडं बसावं लागतं.

कर्जानंतर काम मिळण्याचं बघितलं तर तिथे वेगळीच कथा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी खरेदीतला ३ टक्के माल महिलांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यावा असा नियम आहे, वाचून बरं वाटतं, पण माझ्यासारख्या नवीन युनिटला आधी तेवढा माल काढायची ताकद दाखवावी लागते. २०२४ला राज्याने सरकारी शाळांच्या गणवेशाची शिलाई माविममार्फत (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटांच्या बायकांना दिली, आम्हाला वाटलं चला. कापड कापून गठ्ठ्यात आलं ते उशिरा, साइज कुठे जुळेना, शाळा सुरू होऊन मुलांना ड्रेस नाही, आणि बोल कोणाला लागले तर शिवणाऱ्या बायकांना, कटिंग दुसऱ्यानेच केलेलं असून. पुढच्या वर्षापासून ते परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. हे असं करून बायकांना कामच जमत नाही असा शिक्का बसतो.

मी खासगी शाळा आणि व्यापाऱ्यांचं काम धरलं. पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, आता तर वेळेत दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, पण व्यापारी काय म्हणतो, ताई ते ४५ दिवस वगैरे आपल्यात नको हां. जूनचा माल, पैसे गणपतीनंतर. फोन केला की "मिस्टरांना पाठवा, बोलतो आम्ही". नाही पाठवत. मीच जाते आणि दुकानात बसून राहते, गिऱ्हाईकांसमोर बाई बसलेली त्यांना अवघड वाटतं, तेवढाच फायदा.

आणि एक गोष्ट, जी अजून सुटलेली नाही. माझ्याकडच्या टेलर बायकांत निम्म्या आधी विड्या वळायच्या, हजारीवर, म्हणजे हजार विड्यांमागे मजुरी. त्यातल्या एक अक्का, पन्नाशीच्या, हात इतका साफ की कॉलर परत उसवावी लागत नाही. कटिंग मास्तर मात्र पुरुष, कारण सोलापुरात बाई कटिंग मास्तर शोधूनही मिळाली नाही, कटर हातात कोणी दिलाच नाही त्यांच्या. मास्तरला मी अक्कांच्या दीडपट देत होते. बाजारभाव तोच आहे, कमी दिलं तर उद्या दुसरीकडे जाईल. पगाराच्या दिवशी वही समोर घेतली की मला आमचे जुने मॅनेजर आठवायचे, आणि माझ्याकडेही कारण तयार असायचं, काम वेगळं आहे.

मग अक्कांना म्हणलं, तुम्ही कटिंग शिका की. त्या म्हणाल्या, "नको ताई, मास्तर चिडतो, आणि बोटं गेली तर विडीचं पण काम गेलं." लोखंडी जाळीचा हातमोजा आणला, रविवारी मास्तर नसताना टाकाऊ कापडावर सुरू केलं, आधी दोन थर, मग पाच, खडूची रेघ सोडून कटर पळायचा तेव्हा अक्का तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या, मला न कळलेलंच बरं. आता वीस थरांचा ले त्या एकट्या कापतात आणि बगलेच्या गोलाईला मास्तरपेक्षा हळू पण सरळ जातात. गेल्या महिन्यापासून त्यांना मास्तरइतकाच पगार लावलाय. सुनेनं विचारलं म्हणे, एवढे पैसे चुकून तर नाही दिले मॅडमनी. मास्तरला कळलंय, तो म्हणतोय माझा वाढवा नाहीतर दिवाळीनंतर येणार नाही. त्याचं वाढवलं तर अक्कांचं पण वाढवावं लागेल, आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला आहेच. आकडे मांडून बघतेय.